मराठीतून मराठीत

आमच्या पंचवटीतल्या गल्लीत एक गृहस्थ मराठीचं मराठीत भाषांतर करायचे. ऐकून हसू येईल. लग्न होऊन नवी नवी आले तेव्हा मलाही आलं होतं. पण ज्यांच्या घरात सासू-सून, बाप-लेक, भाऊ-भाऊ किंवा घरमालक-भाडेकरू अशी एखादी जोडी एका छपराखाली नांदते, त्यांना या कामाचं महत्त्व मी सांगायला नको. इंग्रजी कळलं नाही तर एक वेळ चालतं, माणूस दुसऱ्याला विचारून घेतो. खरे घोटाळे होतात ते आपल्याच भाषेत, सगळे शब्द ओळखीचे असताना.

त्यांना सगळे दुभाषी अण्णा म्हणत. खरं नाव रेशनकार्डावर असेल, गल्लीत ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. उंच, वाळकी अंगकाठी, लेंगा, वर बंडी, आणि कान असे की पाहणाऱ्याला आधी कान दिसायचे आणि चेहरा मागाहून. देवानं कान दोन दिले आणि तोंड एकच, याचा अर्थ काय, असं तत्त्वज्ञान सगळेच सांगतात. अण्णा त्यात भर घालायचे, "मला तर त्यानं माप पण वाढवून दिलंय. एवढं केल्यावर तरी माणसानं ऐकावं."

नोकरीत असताना ते कोर्टात खरोखरचे दुभाषी होते. पेठ-सुरगाण्याकडची डोंगरातली माणसं साक्षीला आली की त्यांचं बोलणं साहेबांपर्यंत पोचवायचं, बागलाणातलं कुणी आलं की त्याची अहिराणी साध्या मराठीत आणायची. 'तो मना भाऊ शे' म्हणजे 'तो माझा भाऊ आहे', एवढं सांगायचा सरकार पगार देत होतं, असं ते स्वतःच चेष्टेनं म्हणत. तिथला एक किस्सा ते दर दिवाळीला नव्यानं सांगायचे. सुरगाण्याकडच्या एका म्हाताऱ्याला वकिलांनी विचारलं, जमीन कुणाची? म्हाताऱ्यानं वकिलाकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं बघत उभा राहिला. अण्णांनी भाषांतर केलं, "साहेब, जमीन याचीच आहे, पण भाऊ समोर बसलाय म्हणून जीभ रेटत नाही." समोरचे वकील उसळले, साक्षीदार तर एक अक्षर बोललेला नाही. अण्णा म्हणाले, "बोलला साहेब. फक्त मोठ्यानं नाही बोलला." मग साहेबांनी ताकीद दिली की दुभाष्यानं तोंडातून येईल तेवढंच सांगायचं. आता हा किस्सा अण्णांच्याच तोंडचा, तेव्हा त्यात तिखटमीठ किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण शेवटी ते म्हणायचे, "नोकरीभर लोकांच्या तोंडातलं सांगितलं. आता निवृत्त झालोय, आता पोटातलं सांगतो." आणि पोटातलं सांगायला त्यांना आमची गल्ली आयतीच मिळाली होती.

त्यांचं कार्यालय म्हणजे घरासमोरचा ओटा. दोन पाट मांडायचे आणि मधे अण्णांची चटई. पाट समोरासमोर कधीच नाही, दोन्ही रस्त्याकडं तोंड करून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, समोरासमोर बसवलं की माणूस ऐकत नाही, समोरच्याचं तोंड बघत उत्तर जुळवत बसतो. रस्त्याकडं बघितलं की निदान एक कान मोकळा राहतो." कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. ती चालू असेपर्यंत कामकाज सुरू व्हायचं नाही. आणि आलेला माणूस उपाशी असेल तरीही व्हायचं नाही, कारण त्याच्या पोटात दुसरी गिरणी चालू असते असं त्यांचं मत. आधी पोहे, मग भांडण. फी म्हणाल तर एक चहा. हंगामात दिंडोरीकडच्या कुणाचा खटला असला तर द्राक्षांची पेटी, आणि ती संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पोरांनी फस्त केलेली असायची.

नियम एकच होता, पण भलताच कडक. समोरचा बोलला की त्याला उत्तर द्यायचं नाही. आधी तो काय म्हणाला ते आपण सांगायचं, आणि त्यानं 'हो, हेच म्हणालो' म्हटल्यावरच आपली पाळी. वाचायला हे सोपं वाटतं. करून बघा, शक्यतो नवऱ्यासमोर.

मखमलाबादचे दोघे भाऊ आमच्या भाजीबाजारात बसायचे, शेजारी शेजारी, आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. गिऱ्हाइकाला सुटे पैसे हवे असले तर एक भाऊ गिऱ्हाइकाला सांगायचा, 'त्यांच्याकडं मागा.' शेवटी दोघांना अण्णांच्या ओट्यावर आणलं गेलं. मी समोरच्या खिडकीत तांदूळ निवडत होते, म्हणजे तांदूळ नावालाच. थोरला म्हणाला, "यानं मला न विचारता वावरात कोथिंबीर लावली." अण्णांनी धाकट्याला विचारलं, काय म्हणाला तो? धाकटा म्हणाला, "ह्यो म्हनतो मी येडा हाय." थोरला म्हणाला, असं मी म्हणलो नाय. "म्हनला नाय, पण तेच." अण्णा म्हणाले, "तेच नको. तो जे म्हणाला ते सांग." मग धाकटा म्हणाला, "ह्यो म्हनतो वावर त्याच्या एकट्याचं हाय." पुन्हा चूक. "ह्यो म्हनतो माझ्या बायकोनं मला शिकवलं." ते तर कुणी काढलंही नव्हतं. चहा झाला, दुसरा चहा झाला, तेव्हा कुठं धाकटा कंटाळून म्हणाला, "ह्यो म्हनतो, कोथिंबीर लावताना इचारायचं व्हतं." थोरल्यानं मान हलवली. धाकटा पाटावरून अर्धा उठून त्याच्याकडं वळून बघत राहिला आणि म्हणाला, "एवढंच व्हय?" वर्षभराचा अबोला त्या दोन शब्दांवर मोडला. दुसऱ्या दिवसापासून दोघे बाजारात इतकं बोलायला लागले की गिऱ्हाइकाकडं लक्षच देईनात.

अण्णांकडं एक शब्दकोश होता, तोंडी. 'बघू' म्हणजे नाही. 'कळवतो' म्हणजे नाही, पण इस्त्री केलेलं. 'या एकदा घरी' म्हणजे आज नको. 'मला काय त्याचं' म्हणजे मला रात्रभर झोप नाही. 'तसं काही नाही हो' म्हणजे अगदी तसंच आहे. आणि पाहुण्याचं पहिलं 'नको' हे तर नकोच नव्हे, ती नुसती घंटा. एकदा पेठकडचा एक ओळखीचा माणूस आमच्याकडं काही कामानं आला होता. सासूबाई रीतीप्रमाणं म्हणाल्या, "जेवून जा हो." तो चपला काढून सरळ आत आला आणि भिंतीला टेकून बसला. घरात चार भाकऱ्या, त्याही मोजून आमच्या. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच त्याला डोंगरातून उतरवून आणलं होतं. अण्णांना हे कळलं तेव्हा ते ओट्यावर मांडी थोपटत हसले. म्हणाले, "तिकडं एकदाच विचारतात आणि एकदाच सांगतात. आपल्याकडं पहिल्यांदा रीत म्हणून विचारतात, दुसऱ्यांदा शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून, आणि तिसऱ्यांदा खरं. त्या बिचाऱ्याला काय माहीत."

सगळीच भाषांतरं प्रामाणिक असायची असं मात्र नाही. माझं माहेर नाशिक रोडचं. पंचवटीच्या हिशेबानं नाशिक रोड म्हणजे परदेशच, आणि तिथून माझी आई आली की दोन्ही विहिणींमध्ये अतिशय गोड आवाजात युद्ध चालायचं. एका रविवारी आई जेवताना म्हणाली, "आमच्याकडं आमटीत गूळ घालतात." सासूबाईंचा डाव हवेत थांबला. अण्णा त्या दिवशी आमच्याकडंच जेवायला होते. वाटीतून मान वर न काढता ते म्हणाले, "वहिनी, त्या म्हणतात, अशी झणझणीत आमटी नाशिक रोडला मिळत नाही, तुम्ही मसाला कुठून आणता?" माझी आई अण्णांकडं बघायला लागली. पण आता 'मी असं म्हणाले नाही' म्हणायचं कसं? तिनं निमूटपणे मसाल्याची कृती ऐकून घेतली, सासूबाईंनी वर डबा भरून मसाला दिला, आणि पुढं कित्येक वर्षं आईच्या स्वयंपाकघरात तोच मसाला यायचा. कोर्टात असं भाषांतर केलं असतं तर घरी बसवलं असतं, हे मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "म्हणून तर आधी निवृत्त झालो."

अण्णा एकटे असायचे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती आणि एकुलता मुलगा मुकुंद पुण्याला नोकरीला, संसारही तिकडंच. माझे सासरे आणि अण्णा जुने मित्र. सासरे गेल्यावर सासूबाईंनी अण्णांकडं रोज दुपारी झाकलेलं ताट पाठवायला सुरुवात केली आणि त्यात कधी खंड पडू दिला नाही. आपल्याकडं रिकामं भांडं परत करायची रीत नाही, त्यामुळे ताट घासून परत यायचं ते त्यात काहीतरी ठेवून. नुसती चिमूटभर साखर आली तर भाजी जमली नाही. लिंबू आलं तर ठीक. पेरू आले तर सासूबाई दुपारभर गुणगुणायच्या. ही चिठ्ठीचपाटी रोज गल्ली ओलांडायची आणि दोघंही वर मात्र 'काय वहिनी' आणि 'काय अण्णा' याच्या पलीकडं बोलायची नाहीत. आमच्या ह्यांना यात काही दिसायचं नाही. ह्यांना तसं कशातच काही दिसत नाही.

माझ्यावर प्रसंग आला तो नोकरीचा. नाशिक रोडच्या एका शाळेत मला शिक्षिका म्हणून घेत होते. मी घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझं तू बघ बाई. मला काय त्याचं." आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली भांडी ठेवली न जाता आपटली जायला लागली. मी ह्यांना म्हटलं, काहीतरी बोला. हे म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा," आणि चार दिवस रोज जादा काम म्हणून उशिरा येत राहिले. शेवटी मीच गल्ली ओलांडून ओट्यावर गेले. अण्णांनी पाट मांडले.

सासूबाई पदर सावरून बसल्या आणि रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "मी कुठं नाही म्हणतेय? जाऊ दे की."

"सूनबाई, वहिनी काय म्हणाल्या?"

"त्या म्हणतात, जाऊ नकोस."

"असं म्हणालात?" अण्णांनी विचारलं.

"मुळीच नाही."

"त्या म्हणतात," मी पुन्हा म्हटलं, "जा, पण मग भाकऱ्या कोण थापणार?"

"भाकऱ्यांचं मला सांगू नको. तू जन्मायच्या आधीपासून थापतेय मी."

मग मी चारचौघं काय म्हणतील ते सांगून बघितलं, बसच्या गर्दीचं सांगून बघितलं, नातवाचा विषयही त्यांच्या तोंडी घालून बघितला. प्रत्येक वेळी 'मुळीच नाही'. माझे डोळे भरून आले. रागानं म्हटलं, "मला नाही कळत काय म्हणायचंय त्यांना. त्यांनीच सांगावं."

अण्णा म्हणाले, "हं. आज ओट्यावरचं हे पहिलं खरं वाक्य."

सासूबाईंनी पदर पुन्हा सावरला. मग समोरून जाणाऱ्या एका रिक्षाला सांगावं तशा म्हणाल्या, "दुपारचं घर खायला उठतं. हे गेल्यावर पाच वर्षं मी भिंतींशी बोलले. ही आल्यापासून भांडायला तरी कोणी आहे."

कोपऱ्यावरची गिरणी सुरू झाली. अण्णांनी तिच्या आवाजात मला विचारलं, "भाषांतर करू?" मी मान हलवून नको म्हटलं. मग मी शाळेत सकाळचं सत्र मागून घेतलं. दुपारी घरी यायचे, जेवायचे, आणि मग आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत नियमानं भांडायचो. त्यांना ते मानवायचं आणि खरं सांगायचं तर मलाही.

असा हा माणूस. दुसऱ्याच्या पोटातलं काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण स्वतःच्या मुलाशी बोलायचं झालं की पार मुका. मुकुंदचा फोन रविवारी आमच्याकडं यायचा, कारण अण्णांनी फोन घेतला नव्हता. मी हाक मारायची, ते घाईघाईनं गल्ली ओलांडून यायचे, बंडीची बटणं लावून, जणू फोनमधून दिसणार आहेत. मग संभाषण असं. "हं. पाऊस आहे का तिकडं? इकडं पण आहे. तब्येत? ठीक. हं. ठेव, तुझं बिल वाढेल." आणि रिसीव्हर ठेवल्यावरही थोडा वेळ त्यावर हात ठेवून उभे राहायचे. एकदा मी आगाऊपणा करून म्हटलं, "अण्णा, तुमच्या दोघांमध्ये पण कुणीतरी चटई टाकून बसायला हवं." ते हसले नाहीत. म्हणाले, "भाषांतर करायला आधी कुणीतरी बोलावं लागतं, सूनबाई."

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. गल्लीत घरोघरी फोन आले होते, काहींच्या खिशात मोबाइलही आले होते, आणि ओट्यावरची वर्दळ कमी झाली होती. एका सकाळी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. म्हणजे अगदी सगळी गेली असं नाही. डॉक्टर म्हणाले, कळतंय त्यांना सगळं, पण शब्द आतून बाहेर येत नाहीत. एकच शब्द तेवढा मागं राहिला होता. तो म्हणजे 'बरं'.

याला दैवाची चेष्टा म्हणतात. उरायचाच होता तर 'नको' उरायला हवा होता, 'पाणी' उरायला हवा होता. 'बरं' एवढंच बोलणारा माणूस म्हणजे सगळ्यांच्या सोयीचा. खिडकी लावू? बरं. उघडू? बरं. पाय दुखतोय का? बरं. भेटायला येणारे लोक आपल्याला हवं ते विचारायचे आणि हवं ते उत्तर घेऊन समाधानानं घरी जायचे. गिरणीवाल्यांनी तर त्यांना आपल्या मुलाच्या नव्या धंद्याबद्दल मत विचारलं आणि अण्णांचा आशीर्वाद मिळाला म्हणून पेढे वाटले.

फसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. त्या दोन्ही वेळा त्यांना भरवायला जायच्या. आठवड्याभरात त्यांनी मला सांगायला सुरुवात केली की 'बरं' एक नाही. चहाचं 'बरं' तोकडं असतं. झोप आली की ते लांबतं. कंटाळले की आधी नाकातून श्वास सोडतात आणि मग म्हणतात. मला वाटलं, वयाप्रमाणं काहीतरी कल्पना करत असतील. पण मग एकदा मी बरोबर गेले आणि माझ्यासमोर त्यांनी भात पुढं केला, अण्णा 'बरं' म्हणाले, सासूबाईंनी ताट बाजूला ठेवून उशी सरळ केली, आणि अण्णांनी डोळे मिटून सुस्कारा टाकला. भात नको होता, मान अवघडली होती. मला त्या 'बरं'मध्ये आणि नेहमीच्या 'बरं'मध्ये काडीचाही फरक ऐकू आला नव्हता.

मुकुंद रजा काढून आला होता. चांगला मुलगा, शांत, बापासारखाच वाळका. रजा संपत आली तसं त्यानं दिवसरात्र राहणारा एक माणूस ठरवला, औषधं लिहून ठेवली, आणि निघायच्या आदल्या दुपारी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, "अण्णांचा जीव या गल्लीत आहे. मी त्यांना इथून उपटून नेणार नाही. तुम्ही सगळे आहातच." आम्हाला सगळ्यांना भरून आलं. आपल्यावर एवढा विश्वास टाकला की कुणालाही येतं. गिरणीवाले पुढं वाकून मोठ्यानं म्हणाले, "काय अण्णा, इथंच राहायचं ना आपल्याला?"

"बरं," अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. दारात सासूबाई हातात वाटी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाही म्हणताहेत ते."

मुकुंद गोंधळला. "काकू, 'बरं' म्हणाले."

"माझ्या कारल्याच्या भाजीला म्हणतात ते 'बरं' आहे हे. म्हणतात आणि तोंड फिरवतात." त्या आत आल्या, वाटी खाली ठेवली. "तुम्ही त्यांना पुण्याला चला म्हणालात का कधी?"

"म्हणालो होतो की. आई गेली तेव्हाच म्हणालो होतो. ते 'बघू' म्हणाले. आता अण्णांचं 'बघू' म्हणजे काय हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मला वाटलं, यांना यायचं नाही, मग कशाला सारखं सारखं म्हणून त्यांना त्रास द्यायचा."

"किती वेळा म्हणालात?"

"एकदा."

"एकदा," सासूबाई म्हणाल्या. "अहो, एकदा तर आपण चहालासुद्धा हो म्हणत नाही."

कुणी हसलं नाही. मी अण्णांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते, आणि त्यांचे ते मोठे कान लाल झाले होते. लोकांच्या 'नको'मधलं 'हो' ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस स्वतः एक 'बघू' म्हणून इतकी वर्षं दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत बसला होता. आणि मुलगा मात्र बापाचाच शब्दकोश पाठ करून मान ठेवत होता.

"आता विचारा," सासूबाई म्हणाल्या.

मुकुंद पलंगाशी खाली बसला. "अण्णा, पुण्याला येता?"

"बरं." हळू, खाली बघूनच. मुकुंदनं सासूबाईंकडं पाहिलं.

"असं सरकारी विचारू नका. आग्रह करा."

त्याला ते जड गेलं. त्या घरात तशी सवयच नव्हती. त्यानं अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, घरी चला. मला तुम्ही हवे आहात तिथं. आई गेल्यापासून हवे आहात."

अण्णांनी मान वर केली. "बरं," म्हणाले. मग पुन्हा "बरं", आणि मग थांबेनातच, बरं, बरं, बरं, आणि चांगल्या हातानं त्यांनी मुकुंदच्या सदऱ्याची बाही अशी पकडली की ती सोडवायला नंतर दोघं लागले. गिरणीवाले खिशात रुमाल शोधत होते. मुकुंद रडत रडत सासूबाईंकडं वळला तर त्या म्हणाल्या, "हे कळायला काय मी लागते होय?" आणि वाटी उचलून निघून गेल्या.

घरी आल्यावर त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं. अण्णांनी जाऊ नये असं या गल्लीत सर्वांत जास्त कुणाला वाटत असेल तर ते त्यांना. नुसतं गप्प बसल्या असत्या तर ते राहिले असते. रोज दोन्ही वेळा डोळ्यांसमोर, हातानं भरवता येतील असे. एवढंच पुरलं असतं, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. मला त्यांचा राग अनेकदा आला, पण त्या दिवशी मी त्यांच्या हातचं खारट ताट पुसून खाल्लं आणि त्यांच्याइतकी चांगली बाई मी पाहिलेली नाही असं मला वाटलं. तसं बोलून मात्र दाखवलं नाही, कारण त्या म्हणाल्या असत्या, तसं काही नाही.

अण्णा पुण्याला त्यानंतर चांगली तीन-चार वर्षं जगले. सुखानं गेले असं मुकुंदनं कळवलं, आणि त्याच्या आवाजावरून ते खरं होतं. पण आमच्यासाठी ते गेले ते त्यांना न्यायला गाडी आली त्या सकाळीच.

गाडी गल्लीत शिरत नव्हती, तेव्हा बाजाराच्या तोंडाशी उभी केली होती. भाजीवाल्या भावांनी खुर्चीसकट अण्णांना उचलून आणलं, दोघंही एकमेकांना सूचना देत. मागच्या सीटवर उशा लावून त्यांना बसवलं. सगळे पाया पडले, सगळ्यांना 'बरं' मिळालं. सासूबाई आमच्याच दारात उभ्या होत्या. मला वाटलं, येतच नाहीत. मग गाडी सुरू झाल्यावर त्या भराभर चालत आल्या, आणि मुकुंदनं गाडी थांबवून काच खाली केली.

अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

मी अगदी शेजारी होते. चहाचं नव्हतं ते, कारल्याचंही नव्हतं, झोपेचं तर नव्हतंच. तसं 'बरं' मी त्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं आणि कुणाच्याच तोंडून नंतर ऐकलं नाही. सासूबाई दोन्ही हात काचेच्या कडेवर ठेवून उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "बरं."

गाडी गेली. लोक पांगले. आम्ही दोघी बाजारातून परत निघालो. मी थोडा वेळ कळ काढली, पण माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. घराच्या पायरीशी आल्यावर मी विचारलंच, "आई, अण्णा काय म्हणाले हो?"

सासूबाईंनी चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडीनं लावल्या.

"ते मला म्हणाले," त्या म्हणाल्या. "तुला नाही."